टॅगवरचं 'ड्राय : फ्लॅट' कातालानमध्ये 'कोरडं : घर' झालं, आता काय करू?

टॉवेलवाली_अक्कलकोटरोड

नमस्कार. इथे भाषांतराची कामं करणारे बरेच जण दिसतात, म्हणून धाडस करते. प्रश्न टॉवेलचा आहे आणि भाषेचाही.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी (अंगावर धाग्याचे फासे असलेल्या) टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे फार काही नाही, चोवीस माग, एक वार्पिंग (ताणा तयार करायचं यंत्र), शिलाईला सात बायका. माग वडील बघतात, ऑफिस मी. बिलं, बँक, निर्यातीची कागदपत्रं आणि गिऱ्हाइकांशी इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे. बीकॉम झालेय, इंग्रजी कामापुरतं येतं. 'काइंडली डू द नीडफुल'पर्यंत कुठे अडत नाही.

यंदा बार्सिलोनाजवळच्या एका दुकानदाराची ऑर्डर मिळाली. माल ठरला, दर ठरला आणि शेवटी त्यांनी लिहिलं की टॅग आणि माहितीपत्रक कातालानमध्ये, म्हणजे तिकडच्या भाषेत, हवं. मी विचारलं, स्पॅनिश चालेल का? उत्तर आलं, 'मग इंग्रजीच राहू द्या.' मी काय विचारून बसले ते तेव्हा उमगलं. नव्या पेठेतल्या दुकानदाराला 'मराठी नको, गुजराती पाटी लावा' म्हटल्यासारखंच ते. नंतर वाचलं, की ती स्पॅनिशची बोली नाहीच, वेगळी भाषा आहे. अंडोरा नावाच्या चिमुकल्या देशाची तर ती एकटीच राजभाषा. टॉवेलला स्पॅनिशमध्ये तोआय्या म्हणतात, कातालानमध्ये तुवल्योला. (उच्चार ऐकून लिहितेय, चूकभूल द्यावी घ्यावी.)

आमच्याकडे जुन्या ऑर्डरीचा इंग्रजी तक्ता होता, एकतीस ओळींचा. डावीकडे 'आयर्न', उजवीकडे 'लो'. डावीकडे 'ड्राय', उजवीकडे 'फ्लॅट'. असा सगळा. तो मी एकेक चौकोन कॉपी करून फोनवरच्या फुकटच्या भाषांतरात टाकला. वीस मिनिटांत काम झालं. वडील म्हणाले, 'काय टाइप करायलीस एवढं? अंग पुसायलाच घेणारंय ना तो?' मीही मनात म्हटलं, खरंय.

नशीब की सहा हजार टॅग छापायच्या आधी प्रूफचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच फोटो परत आला, जागोजाग लाल गोल, आणि खाली हसणारे पाच चेहरे.

'आयर्न'चं फेर्रू झालं होतं. म्हणजे लोखंड. इस्त्रीला त्यांच्याकडे प्लांशा म्हणतात. आमच्या टॉवेलवर छापलं होतं, 'लोखंड : कमी'. 'ड्राय : फ्लॅट'मधला फ्लॅट म्हणजे पिस, राहायचं घर. म्हणजे 'कोरडं : घर'. 'बाथ शीट' हा आमचा सगळ्यात मोठा टॉवेल, १०० बाय १५० सेंटिमीटरचा. त्याच्या शीटला फुल्य शब्द आला, तो निघाला कागद. सोफ्यावर टाकायच्या पातळ चादरीला इंग्रजीत 'थ्रो' म्हणतात, आमच्याकडून त्याही दोनशे जाणार आहेत. त्याचं भाषांतर झालं गोळाफेक-थाळीफेकीतली फेक. 'पाइल : लो' तर कहर. टॉवेलचे फासे बसके आहेत एवढंच सांगायचं होतं, पण आला पिला. त्याचा अर्थ ढीग, आणि टॉर्चमधल्या सेललाही तोच शब्द. म्हणजे आमच्या टॉवेलचा सेल उतरलाय.

इथपर्यंत माझी चूक, मान्य. पण पुढचं ऐका, खरी लाज तिथे गेली.

त्यांनी बिचाऱ्यांनी स्वतः वेळ काढून बऱ्याच ओळी दुरुस्त करून पाठवल्या. आता एकदा पोळल्यामुळे मी ठरवलं की तपासल्याशिवाय काही छापायचं नाही. म्हणून त्यांची प्रत्येक ओळ परत इंग्रजीत फिरवून बघितली. 'चार टॉवेलांचा सेट' याला त्यांनी झॉक शब्द लिहिला होता. इंग्रजीत आलं 'गेम'. चार टॉवेलांचा खेळ! आणि 'टेरी टॉवेल'ला त्यांनी जे लिहिलं त्यात रुस असा शब्द. इंग्रजीत आलं 'रशियन टॉवेल'.

मी लगेच मेल टाकली. अगदी नम्रपणे. की साहेब, आमचा कापूस भारतीय आहे, सूत भारतीय आहे, विणकाम सोलापूरचं आहे, रशियाशी आमचा काहीही संबंध नाही, आणि हा खेळ नसून संच आहे, कृपया तपासावे.

दीड दिवस उत्तर नाही. मग एकच ओळ. रुस म्हणजे रशियन हे खरं, पण टेरीच्या कापडालाही रुसच म्हणतात. आणि झॉक म्हणजे खेळ, आणि संचही. हसणारा चेहरा या वेळी नव्हता.

तर मंडळी, प्रश्न असे. इंग्रजी शब्दाला चार अर्थ आहेत हे चूक व्हायच्या आधी ओळखायचं कसं? मला 'आयर्न' म्हणजे इस्त्री हे माहीत होतं, त्यामुळे लोखंड डोक्यातच आलं नाही. दुसरं, उलटं फिरवून तपासणं हा प्रकार सोडूनच द्यायचा का? आणि तिसरं, अजून अकरा ओळी बाकी आहेत, त्या आता त्यांच्याकडून मागायला तोंड नाही. त्यात 'लाइट', 'फास्ट', 'सॉलिड', 'राइट साइड' आहेत.

---

निवृत्त_मास्तर_बुधवारपेठ

ताई, तुमची रशियाची मेल वाचून घरात एकटाच हसत बसलो होतो, मंडळींनी बाहेर येऊन चौकशी केली.

चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, कातालानचा गंध नाही. तरी पहिल्या प्रश्नाबद्दल सांगतो. लांबलचक शब्दाला घाबरू नये, तो सरळमार्गी असतो. पोरं 'फोटोसिंथेसिस'वर कधी चुकली नाहीत. चुकायची ती सेट, रन, टेक, लाइट, फ्लॅट, राइट यांच्यावर. जितका शब्द तोकडा आणि रोजच्या वापरातला, तितके त्याचे संसार जास्त. तुमच्या यादीत एका उच्चारात संपणारे जेवढे तोकडे शब्द असतील त्यांच्यावर आधी पेन्सिलीनं खूण करा.

दुसरं म्हणजे त्या शब्दाला मराठीत दोन वेगळ्या जागी घालून बघा. तुम्ही 'आयर्न' वाचलंत आणि थेट कातालानकडे गेलात, वाटेत मराठीत थांबला असता तर इस्त्री आणि लोखंड हे दोन शब्द आपोआप समोर आले असते. आपल्याला तिसरी भाषा येते ही अडचण समजू नका, ती चाळणी आहे. 'राइट साइड'चंच घ्या. मराठीत उजवी बाजू वेगळी, कापडाची सुलट बाजू वेगळी. गिऱ्हाइकाला नुसतं 'राइट' कळवण्याऐवजी 'उलट-सुलटमधली सुलट' असं कळवलंत की गोंधळाला जागाच राहिली नाही.

माझ्याकडे मोल्सवर्थ आणि कँडीच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशाचं पुनर्मुद्रण आहे. तो उघडला की जीव दडपतो. एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रांग, आणि कुठला कुठे चालेल याचा खुलासा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी साहेबाला जे कळलं ते फोनला अजून कळत नाही असं म्हणणार होतो, पण माझा नातू बाजूला बसलाय आणि तो नको म्हणतो.

मात्र ही चाळणी सगळीकडे चालत नाही. 'लाइट'मध्ये तुम्ही फसाल. वजनाला हलका, रंगालाही हलका. मराठीनं तिथे भेद केलाच नाही. फिकट म्हटलं तर होतो, पण बोलताना आपण हलकाच म्हणतो. आणि 'परवा' तर आपला राष्ट्रीय घोटाळा. माल परवा पाठवला आणि माल परवा पाठवणार, क्रियापद ऐकू आलं नाही तर भांडण ठरलेलं.

---

पो_फाइल

मी जुळे सोलापूरचा. मोकळ्या सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतो, त्यामुळे तुमची जखम ओळखीची आहे.

आधी यंत्राची बाजू घेतो. त्याला तुम्ही चौकोनातला एकच शब्द दिलात. 'आयर्न'. बास. पुढेमागे काही नाही. तुम्हाला माहीत होतं की हा टॉवेल आहे, त्याला माहीत नव्हतं. मग त्यानं जो अर्थ जास्त वेळा पाहिला तो दिला. 'डू नॉट आयर्न धिस टॉवेल' असं पूर्ण वाक्य दिलं असतं तर इस्त्री आली असती. तक्ता जागा वाचवायला छान, पण भाषांतराला तो विष आहे. बाकीच्या अकरा ओळींची आधी वाक्यं करा, भले टॅगवर नंतर दोनच शब्द छापा.

आमच्याकडे हाच रोग. बटणावर 'ओपन' लिहिलेलं असतं. ते 'उघड' अशी आज्ञा आहे की 'उघडं आहे' अशी माहिती? मराठीत वर आणखी मजा, 'उघडा' म्हटलं की आज्ञाही होते आणि विशेषणही. म्हणून आमच्या फायलीत मूळ शब्दाच्या वर संदर्भाची एक ओळ ठेवायची सोय असते, की हा शब्द बटणावर आहे, शीर्षकात आहे, की फाइलची अवस्था सांगतोय. ती ओळ लिहायचा प्रोग्रामर लोकांना कंटाळा, आणि शिव्या आम्हाला.

या बाबतीत कातालान लोक फार पुढे आहेत. सॉफ्टकाताला नावाची स्वयंसेवकांची संस्था आहे, तिची शैलीपुस्तिका मी इंग्रजीत फिरवून वाचली (हो, उलटं फिरवूनच!). त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. 'सेव्ह' हे बटण असेल तर माणूस यंत्राला हुकूम सोडतोय, म्हणून एकेरी: देझा, म्हणजे 'जतन कर'. पण 'तुमचं नाव लिहा' असं असेल तर यंत्र माणसाशी बोलतंय, म्हणून आदरार्थी. इंग्रजीत दोन्ही क्रियापदं सारखीच दिसतात. आपण मराठीत दोन्हीकडे 'करा' लावून मोकळे होतो, यंत्रालाही अहो-जाहो. तुमच्या टॅगवर 'वॉश' आहे ना? ते 'धुवा' की 'धुणे' की 'धुण्याची पद्धत', हे त्यांना विचारायच्या आधी तुम्ही ठरवा.

आता तुमचे उरलेले शब्द. मला थोडी स्पॅनिश येते, कातालान वाचून समजते, त्यावर सांगतो.

'लाइट' दिव्याचा असेल तर ल्युम, वजनाचा असेल तर ल्येउझे, रंगाचा असेल तर क्लार. 'फिकट रंगांबरोबर धुवा' म्हणायचं असेल तर क्लार. मास्तर म्हणतात तसं मराठी इथे मदतीला येत नाही.

'फास्ट'चं नुसतं भाषांतर वेगवान असं होईल. तुम्हाला म्हणायचंय पक्का रंग. तर त्याला कातालानमध्ये सॉलित म्हणतात. आणि आता सावध बसा, कारण तुमच्या यादीत 'सॉलिड'ही आहे. तुमचा 'सॉलिड कलर' म्हणजे एकरंगी, आपण प्लेन म्हणतो तो. तो कातालानमध्ये ल्यिस. 'सॉलिड'चं यंत्र सॉलित करणार, दिसायला बरोबर दिसणार, आणि टॅगवर 'एकरंगी'च्या जागी 'पक्का रंग' छापलं जाणार. फेर्रूसारखी चूक बरी, लोक हसतात आणि सांगतात. ही चूक कोणी सांगणारच नाही. एका धुण्यात रंग गेला की मग सांगतील.

'राइट साइड' : कापडाची सुलट बाजू म्हणजे द्रेत, उजवा हात-उजवी बाजू म्हणजे द्रेता. एका काना-मात्रेचा फरक.

उलटं फिरवून तपासण्याबद्दल. ते अगदी टाकाऊ नाही, पण लोखंड तुम्हाला त्यातून सापडलं नसतं, फेर्रू फिरून 'आयर्न'च झालं असतं. आणि लक्षात घ्या, तुम्ही इंग्रजीच्या फांद्या तोडून एक अर्थ घेऊन गेलात, आणि परत येताना कातालानच्या फांद्या घेऊन आलात. झॉकला त्यांच्याकडे दोन अर्थ आहेत, त्याला तुमचा 'सेट' काय करणार? मी वेगळं करतो. परक्या भाषेतला शब्द घेतो आणि त्याची चित्रं शोधतो. 'तुवल्योला दे रुस' टाकून चित्रं बघा, रशियाचा झेंडा दिसला तर बोला.

शिवाय टेर्मकात म्हणून त्यांचं परिभाषा केंद्र आहे, १९८५ पासूनचं. त्याच्या संकेतस्थळावर शब्द शोधला की कुठल्या क्षेत्रातला अर्थ ते शेजारी लिहिलेलं असतं. वस्त्रोद्योगाखालचा घ्या, इलेक्ट्रिकलखालचा नको. म्हणजे पिलाचा प्रश्न मिटला.

---

जॉबर_अण्णा

ताई, लई डोकं लावायला तुम्ही.

मी एकतीस वर्षं मागावर हाय. आमच्या घरात तेलुगू, शेडमधी मराठी, फिटर कन्नड, मालकाचं इंग्लिश. एकदा मालकाचा फोन आला, 'अण्णा, शेड बदल, पार्टी नाराज हाय.' मी चार तास मागाची शेड सेट करीत बसलो. ताण्याचे धागे वर-खाली उघडतात, मधनं धोटा जातो, त्याला आम्ही शेड म्हणतो. संध्याकाळी मालक आले तर त्यांना रंगाची शेड म्हणायची हुती. निळा जरा गडद पायजे हुता. आन आम्ही उभं हुतो ते बी शेडच, पत्र्याचं.

त्या दिवसापास्नं मी फोनवर शब्द ऐकून काम करीत नाही. तुकडा पाठवा म्हणतो. तुकड्याला एकच अर्थ असतो.

पाइलचं तर सोडाच. नवीन पोरगं कामाला आलं आन मी म्हटलं 'पाइल चेक कर' की आठ दिवस फिदीफिदी हसतंय.

आन एक सांगतो, धुवायचं-वाळवायचं लिहायलाच कशाला पायजे? टॅगवर चित्रं छापा की. टब, तिरकोन, चौकोन, इस्त्री, गोल. आम्ही जर्मनीच्या मालाला तेच लावतो. चौकोनात आडवी रेघ म्हणजे पसरून वाळवा, उभी रेघ म्हणजे दोरीवर. सगळ्या जगाला कळतंय. सोलापूरच्या पोराला बी कळतंय.

---

पो_फाइल

अण्णांना दंडवत. त्या खुणांचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयएसओ ३७५८. एकतीसपैकी निम्म्या ओळी तिथेच गळतील. फक्त कापड कशाचं आहे ते शब्दांत लिहावंच लागेल, युरोपीय संघाचा तसा नियम आहे. पण '१०० टक्के कापूस' यात कोणाचा खेळ होईल असं वाटत नाही.

---

निवृत्त_मास्तर_बुधवारपेठ

'तुकड्याला एकच अर्थ असतो.' अण्णा, हे वाक्य मला वर्गात कधी सुचलं नाही.

---

टॉवेलवाली_अक्कलकोटरोड

उशिरा लिहितेय, गड्ड्याच्या यात्रेत दोन दिवस कारखाना बंद होता.

केलं ते सांगते. नवा तक्ता केला आणि मधे मराठीचा एक रकाना घातला. इंग्रजी, मग मराठीत पूर्ण वाक्य, मग कातालानसाठी रिकामी जागा. मराठी लिहिताना माझीच फजिती झाली. 'फिनिश' असा एक शब्द गेली सहा वर्षं आम्ही टॅगवर छापतोय. त्यापुढे 'सॉफ्ट'. मराठीत काय लिहू म्हणून वडिलांना विचारलं, ते म्हणाले शेवटच्या धुलाईनंतर हाताला जे लागतं ते. शिलाईतल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या कडेची शिवण. मी स्वतः आजवर समजत होते की माल पूर्ण झालाय. एकाच शेडमध्ये तीन अर्थ, आणि मी कातालानला नावं ठेवत होते.

'सॉलिड' तर वाचवलंत. मी ते यादीत सोपं म्हणून शेवटी ठेवलं होतं.

खुणांची कल्पना मान्य झाली. एकतीस ओळींच्या चौदा राहिल्या. त्यांना मी इंग्रजी शब्द पाठवलेच नाहीत. प्रत्येक ओळीसोबत फोटो पाठवला. सुलट बाजूचा फोटो काढताना टॉवेलचा कोपरा दुमडून एक बोट सुलट बाजूवर ठेवलं. फाशांचा फोटो काढायला तर पट्टी उभी धरून मिलिमीटर दाखवले. थ्रोसाठी वडिलांनाच सोफ्यावर बसवलं आणि पाठीमागे तो टाकला. ते पेपर वाचत होते, त्यांना अजून माहीत नाही की ते बार्सिलोनाला जाऊन आलेत. चौदाच्या चौदा ओळी एका दिवसात परत आल्या, आणि थ्रोला साधं 'सोफ्याची मांता' लिहिलंय. मांता म्हणजे ब्लँकेटच की, एवढं सोपं होतं.

छापखान्यात एक नवीनच निघालं. त्यांच्या 'कलेक्शन' या शब्दात दोन एलच्या मधे, अर्ध्या उंचीवर, एक टिंब असतं. छापखानेवाल्यानं ते घाण समजून पुसलं. मी सांगितल्यावर परत घातलं, पण खाली, पूर्णविरामासारखं. तिसऱ्या प्रूफला टिंब मधे आलं. मोठं करून बघितलं तेव्हा कुठे सही केली.

आता शेवटची अडचण, तुमच्यातल्या कोणी आधी बघितली असेल तर सांगा. ते थ्रो बघून खूश झालेत आणि विचारतात, सोलापूरची जी प्रसिद्ध वस्तू आहे ती पण पाठवाल का. म्हणजे आपली चादर. तिला इंग्रजीत काय म्हणू? ब्लँकेट म्हटलं तर लोकरीचं वाटतं, बेडशीट म्हटलं तर अंथरायची पातळ, बेडस्प्रेड म्हटलं तर नुसती वरून टाकायची. आपण तर अंथरतो, पांघरतो, प्रवासात गुंडाळून उशाला घेतो. म्हणून मी रोमन लिपीत सरळ 'चद्दर' लिहून पाठवलं.

---

पो_फाइल

चद्दरच ठेवा. भौगोलिक मानांकनही त्याच नावानं आहे, 'सोलापूर चद्दर'. भाषांतर करायला गेलात तर नाव जाईल आणि हाती ब्लँकेट येईल. फक्त एक. चादर हा शब्द मुळात फारसी, आणि तोच इराणातल्या बायकांच्या अंगभर काळ्या वस्त्रालाही लागतो. कातालानमध्ये तो 'शादोर' म्हणून गेलेला आहे. तुमच्या गिऱ्हाइकानं शब्दकोश उघडला तर त्याला तेच सापडेल.

---

टॉवेलवाली_अक्कलकोटरोड

सापडलं. आत्ताच मेल आली, 'ही बायकांनी डोक्यावरून घ्यायची असते का?'

फोटो काढायला खाली चाललेय. अण्णा, तुमच्याकडे जुनी जेकार्डची मोरवाली असेल तर एक दिवस द्या, आमच्याकडे नुसते टॉवेलच आहेत.

---

जॉबर_अण्णा

हाय घरात, लग्नातली. संध्याकाळी पोराला अशोक चौकात पाठवतो. परत द्या मात्र, बायको इचारंल.